रस्त्याकडील खिडकी

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एका खिडकीवरून जो वाद माजला तो जवळजवळ दोन महिने चालला. वाद कसला म्हणाल, तर दादांच्या खोलीची रस्त्याकडील खिडकी उघडी ठेवावी कीं बंद करावी, आणि बंद करावयाची तर कशानें. वरवर पाहतां प्रश्न क्षुल्लक. परंतु त्यापायीं आमच्या कुटुंबाचे बरेच पैसे आधीं फुकट गेले, मग थोडे सत्कारणीं लागले, आणि ध्वनि, उष्णता व कांच या तीन विषयांत मला उतारवयांत पुन्हां विद्यार्थी व्हावें लागलें. ज्या वाचकांचीं घरें आमच्यासारखींच हमरस्त्यावर आहेत त्यांस या अनुभवाचा उपयोग होईल, म्हणून तो जरा सविस्तर लिहीत आहें.

आमचें घर पुण्याच्या एका जुन्या पेठेंत, रस्त्याला अगदीं लागून आहे. दादांची खोली पहिल्या मजल्यावर, पश्चिमेच्या बाजूस; खिडकी चार फूट रुंद व पांच फूट उंच. आमच्या लहानपणीं या खिडकीखालून टांगे व सायकली जात. पुणें हें तेव्हां सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जाई. आतां तेथून पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत मोटारसायकली, रिक्षा आणि बसगाड्या जातात, आणि चौकांतील दिवा हिरवा होण्यापूर्वींच मागील प्रत्येक जण हॉर्न वाजवूं लागतो. दोन वर्षांपूर्वीं दादांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. घरीं पाठवितांना डॉक्टरांनीं औषधांच्या यादीबरोबर एक गोष्ट बजावून सांगितली होती, कीं रात्रीची झोंप मोडतां कामा नये. औषधें वेळेवर दिलीं गेलीं. झोंप मात्र आमच्या हातीं नव्हती. रात्रीं दोन-दोन वाजतां वहिनी उठून त्यांच्या उशाशीं बसलेल्या दिसत. "भावजी, यांचा डोळा लागतो न लागतो तोंच कोणी तरी गाडी फुरफुरवीत जातो," असें त्या एकदां मला म्हणाल्या. तक्रार करणें हा त्यांचा स्वभाव नव्हे. त्यामुळें तें वाक्य माझ्या मनांत राहून गेलें.

निजावयाच्या खोलींत आवाज ३० डेसिबेलच्या वर असूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत सांगितलें आहे. २०१८ सालीं युरोपांतील देशांसाठीं तिनें जें नवें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें त्यांत रस्त्यावरील रहदारीचा आवाज रात्रीं घराबाहेर सरासरीनें ४५ डेसिबेलच्या खालीं असावा असें म्हटलें असून, अशा आवाजाचा हृदयविकाराशीं असलेला संबंधही दाखविला आहे. आपल्या देशांतील २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम निवासी भागास दिवसा ५५ आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबेल अशी मर्यादा घालून देतात. कायद्यांत आणि आमच्या रस्त्यांत किती अंतर आहे, हें पाहावयास माझ्या पुतण्यानें आपल्या मोबाइलवर आवाज मोजण्याची एक सोय उतरवून घेतली. असलें मोबाइलचें माप तंतोतंत बरोबर नसतें. पण एकाच यंत्रानें एकाच जागीं दोनदां मोजल्यास फरक किती पडला एवढें त्यावरून कळतें. रात्रीं दहाच्या सुमारास गॅलरींत ७६ आणि दादांच्या खोलींत, खिडकी उघडी असतां, ६६ हे आंकडे दिसले.

येथें एक खुलासा केला पाहिजे, कारण तो न कळल्यामुळेंच आम्ही फसलों. डेसिबेल ही गज किंवा शेर यांसारखी साधी मोजणी नव्हे. दहा डेसिबेल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट होते, वीस वाढले म्हणजे शंभरपट, तीस वाढले म्हणजे हजारपट. आपल्या कानास मात्र दसपट शक्तीचा आवाज साधारणपणें दुप्पट मोठा वाटतो. तेव्हां नव्वद टक्के आवाज अडवितों असें कोणी विक्रेता सांगूं लागला तर तो खोटें बोलत नसेलही. पण त्याच्या नव्वद टक्क्यांचा अर्थ दहा डेसिबेल, म्हणजे कानाला निम्मा झालेला आवाज, एवढाच आहे.

आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनीं हाच हिशेब मांडला होता. जुन्या सागवानी कवाडांच्या जागीं दुहेरी कांचेच्या, रुळांवरून सरकणाऱ्या पांढऱ्या यूपीव्हीसीच्या खिडक्या बसवाव्या, आवाजही थांबेल आणि ए.सी.चें बिलही उतरेल, असें त्यांनीं सुबक छापील पत्रकावरून समजावून दिलें. पत्रकांत चाळीस डेसिबेलचा उल्लेख होता. माझ्या भविष्यनिर्वाह निधींतून मी रक्कम काढली आणि रस्त्याकडील पांचही खिडक्या बदलून घेतल्या. जुनीं कवाडें माळ्यावर गेलीं. त्या रात्रीं खिडकी लावून पुन्हां मोजलें, तों आंकडा ५७ वर येऊन थांबला. दादा रात्रभर कूस बदलीत होते.

मीं त्या गृहस्थांस बोलावून विचारलें. त्यांनीं शांतपणें दाखवून दिलें कीं पत्रकांतील आंकडा कांचेचा आहे, तोही प्रयोगशाळेंत मोजलेला, खिडकीचा नव्हे. पत्रक मी तीनदां वाचलें होतें. आयुष्यभर मुलांना शब्दाचा अन्वय लावून वाचावयास शिकविलें, आणि स्वतः 'कांच' या कर्त्याऐवजीं 'खिडकी' हा कर्ता धरून बसलों!

मग चूक कोठें आहे तें शोधावयास लागलों. कागदाची एक पट्टी खिडकीच्या पाल्यांत धरून खिडकी लावली व पट्टी ओढून पाहिली. ती सहज निघून आली. उदबत्ती पेटवून कडेकडेनें फिरविली, तों तीन ठिकाणीं धूर आडवा गेला. रात्रीं खोलींत काळोख करून पुतण्यानें बाहेरून विजेरी धरली, तेव्हां दोन पाले जेथें एकमेकांवर येतात तेथें प्रकाशाची बारीक रेघ स्पष्ट दिसली. सरकती खिडकी सरकण्यासाठीं तिला सैलपणा ठेवावा लागतो. ती फट बुजविण्यास लोकरीसारखी केसाळ पट्टी लावलेली असते, आणि खालच्या रुळांत पावसाचें पाणी निघून जाण्यास भोंकें पाडलेलीं असतात. धूळ अडविण्यास ही व्यवस्था पुरेशी आहे. आवाजाला ती म्हणजे उघडें दार होय.

कागदपेन्सिल घेऊन मीं हिशेब केला तो वाचकांनींही करून पाहावा. चार फूट बाय पांच फूट खिडकीचा परिघ अठरा फूट, म्हणजे २१६ इंच. तिच्या सभोंवार केवळ अष्टमांश इंचाची फट राहिली तर त्या फटीचें क्षेत्रफळ २७ चौरस इंच होतें, आणि हा खिडकीच्या एकूण क्षेत्रफळाचा जवळजवळ शंभरावा भाग आहे. ध्वनीचा शंभरावा भाग मोकळा आंत आला म्हणजे वर सांगितलेल्या रीतीनें अडलेला आवाज वीस डेसिबेलच्या पलीकडे जाऊंच शकत नाहीं. मग कांच हातभर जाडीची कां असेना! ७६ मधून १९ वजा जाऊन ५७ कां उरले हें कोडें सुटलें. आधीं फट, मग कांच, हा क्रम त्या गृहस्थांनीं मला सांगितला नव्हता, आणि मीं विचारला नव्हता.

आतां कांचेकडे वळूं. ध्वनि अडविण्याचें काम मुख्यतः वजन करतें. एक चौरस मीटर कांच प्रत्येक मिलिमीटर जाडीस अडीच किलो भरते. म्हणजे पांच मिलिमीटरची कांच साडेबारा किलो. नऊ इंची विटांच्या भिंतीचें वजन तेवढ्याच जागेंत चारशें किलोंच्या वर जातें. भिंत मुकाट उभी राहते व कांच थरथरते, यांत नवल नाहीं. वजन दुप्पट केलें असतां पांच-सहा डेसिबेलांचा फायदा होतो. पण वजन किती वेळां दुप्पट करणार? शिवाय प्रत्येक कांचेस आपला असा एक सूर असतो. पांच मिलिमीटरच्या कांचेंतून सेकंदाला सुमारे २४०० कंपनांचा ध्वनि इतर ध्वनींपेक्षां फार सहज पार होतो, आणि आपला कान नेमका याच पट्टींत अतिशय तीक्ष्ण असतो. हॉर्नच्या आवाजांतील जो भाग डोक्यांत शिरतो तो याच वाटेनें येतो.

यावरचा उपाय म्हणजे लॅमिनेटेड कांच. दोन कांचांच्या मध्यें पारदर्शक चिवट पदार्थाचा पातळ पापुद्रा दाबून ती केलेली असते. हिचा शोध १९०३ सालीं एदुआर बेनेदिक्तूस या फ्रेंच माणसास अपघातानेंच लागला. त्याच्या हातून कांचेचा एक चंबू खालीं पडला. तो फुटला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहींत, कारण आंत पूर्वीं ठेवलेल्या एका द्रवाचा पापुद्रा वाळून कांचेला चिकटलेला होता. मोटारीच्या पुढील कांचेंत माणसाचा जीव वांचविण्यासाठीं ही युक्ति पुढें सर्वत्र वापरली गेली. तिचा दुसरा गुण ध्वनीशीं संबंधित आहे. देवघरांतील घंटा वाजत असतां तिला बोट लावलें कीं नाद तत्काळ मरतो. तो पापुद्रा दोन कांचांच्या मध्यें राहून नेमकें त्या बोटाचें काम करतो.

आणि दुहेरी कांचेचें काय, असें विचारलें जाईल. दोन कांचा व मध्यें अर्धा इंच हवा, ही रचना आवाजासाठीं निर्माण झालेलीच नाहीं. अमेरिकेंत टॉमस स्टेट्सन यानें १८६५ सालीं अशा जोडकांचेचें पेटंट घेतलें तें थंडी बाहेर ठेवण्यासाठीं. मधली हवा दोन कांचांना स्प्रिंगेप्रमाणें जोडते, व एका विशिष्ट सुराला दोन्ही कांचा मिळून डोलूं लागतात. आमच्या नव्या खिडकींत पांच मिलिमीटरच्या दोन कांचा आणि मध्यें बारा मिलिमीटर हवा होती. गणितानें तिचा हा सूर सेकंदाला सुमारे २२० कंपनांवर येतो. बसगाडीची घरघर या सुराच्या आसपास पुष्कळ असते. म्हणजे ज्या आवाजाला अडवावयाचें त्यालाच या कांचा साथ देतात! दोन कांचांमधील अंतर चार-पांच इंचांपर्यंत वाढविलें व एक कांच जड केली, तर हाच सूर सुमारे ६५ कंपनांपर्यंत खालीं जातो आणि बहुतेक रहदारी त्याच्या वर राहते. व्हिएन्ना शहरांतील जुन्या घरांना एकामागें एक अशा दोन स्वतंत्र खिडक्या असतात व मध्यें वीतभर पेटीसारखी पोकळी असते. तीही थंडीसाठींच केलेली. पण तेथील लोकांना शांतता त्याबरोबर मिळाली.

आमच्या घराच्या भिंती चौदा इंची असल्यामुळें अशी पेटी करण्यास जागा आयतीच होती. नवी सरकती खिडकी काढून टाकण्याची मला लाज वाटत होती. सुदैवानें काढावीही लागली नाहीं. आमच्या ओळखीचे एक वृद्ध सुतार आहेत. त्यांनीं माळ्यावरील जुन्या सागवानी लांकडांतूनच आंतल्या बाजूस दुसरी चौकट उभी केली. बाहेरच्या कांचेपासून साडेचार इंच अंतर ठेवलें. तिला बिजागरीवर उघडणारीं दोन कवाडें, त्यांत चार अधिक चार मिलिमीटरची लॅमिनेटेड कांच, आणि कवाड जेथें चौकटीवर टेकतें तेथें चोहोंबाजूंनीं रबराची पोकळ पट्टी. स्पंजाची स्वस्त पट्टी त्यांनीं हातांत घेऊन दाबून दाखविली व परत केली. ती वर्षभरांत चपटी होते असें त्यांचें म्हणणें, आणि तें बरोबर आहे. कवाड रबरावर घट्ट दाबून बसावें म्हणून वर, मध्यें व खालीं अशा तीन ठिकाणीं कड्या लावल्या. भिंत व चौकट यांच्यामधील फटींत नुसतें सिमेंट न भरतां, वाळल्यावरही लवचिक राहील असा लुकण भरला. दोन खिडक्यांमधील पोकळीच्या कडांना जाड लोकरी नमदा चिकटविला, म्हणजे आंत शिरलेला आवाज तेथेंच मुरतो. सुतारांस हें काम तीन दिवस लागलें. पांच खिडक्यांऐवजीं एकच केली, ती दादांची.

रात्रीं कड्या लावल्या आणि मोबाइल उशाशीं ठेवला. आंकडा ४४. तीस अजून दूर होते हें मी जाणतों. परंतु ६६ वरून ४४ वर येणें म्हणजे ध्वनीची शक्ति दीडशें पटींहून अधिक कमी होणें. वहिनी खोलींत आल्या, जरा थांबल्या, आणि हळूच म्हणाल्या, "घड्याळाची टिकटिक ऐकूं येते कीं हो." तें भिंतीवरील घड्याळ त्या खोलींत पंचवीस वर्षें लटकलेलें आहे.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ढोलाचा घुमारा आणि मिरवणुकींतील ध्वनिवर्धकांच्या भिंती यांचा खर्ज शंभर कंपनांच्या खालीं असतो. त्याला खिडकीच काय, घराची भिंतही पुरी पडत नाहीं. गणेशोत्सवांत दादांना आम्ही पांच दिवस मागच्या खोलींत नेलें. रात्रीं दहानंतर सकाळीं सहापर्यंत ध्वनिवर्धक लावूं नये हा नियम सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं उचलून धरला आहे. सणासमारंभासाठीं राज्य सरकारास वर्षांतून फार तर पंधरा दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवितां येते. हॉर्नच्या बाबतींत मुंबईच्या पोलिसांनीं २०२० सालीं एक गमतीचा प्रयोग केला. कांहीं चौकांत दिव्याला ध्वनिमापक जोडला, आणि हॉर्नचा आवाज ८५ डेसिबेलच्या वर गेला कीं तांबड्या दिव्याचा वेळ पुन्हां पहिल्यापासून सुरू होई. शाळेंत वर्ग गोंगाट करूं लागला कीं मधली सुट्टी लांबविण्याचा उपाय मी अनेक वर्षें केला आहे, त्यामुळें ही बातमी मला विशेष आवडली.

पुष्कळांचा समज असतो कीं जाड पडदा लावल्यानें किंवा खिडकींत तुळशीच्या, मोगऱ्याच्या कुंड्या ठेवल्यानें आवाज कमी होतो. पडद्यानें खोलींतील घुमणें थोडें कमी होतें, येवढेंच. ज्यांतून वारा जातो त्यांतून आवाजही जातो.

आतां विजेच्या बिलाकडे येतों. कारण पुतण्याचा सारा भर त्याच्यावर होता. त्याच्याही खोलीची खिडकी पश्चिमेस आहे. "काका, दुहेरी कांचेनें ए.सी. कमी चालेल असें ते म्हणाले होते, मग बिल तेवढेंच कां?" असा त्याचा रास्त प्रश्न होता. दोघांनीं मिळून हिशेब केला. बाहेर ३८ अंश व आंत २७ अंश असतां आमच्या वीस चौरस फुटांच्या खिडकीच्या एकेरी कांचेंतून, केवळ हवेच्या तपमानांतील फरकामुळें, सुमारे ११७ वॅट उष्णता आंत येते; दुहेरी कांचेंतून ५७. बचत झाली साठ वॅटांची, म्हणजे एका पंख्याएवढी. परंतु चैत्र-वैशाखांत दुपारीं चारनंतर पश्चिमेचें ऊन त्याच खिडकीवर दर चौरस मीटरला सहाशें वॅटांच्या आसपास पडतें, आणि साधी पारदर्शक कांच त्यांतील सुमारे आठ दशांश आंत सोडते. म्हणजे जवळजवळ नऊशें वॅट! इस्त्री चालू करून खोलींत ठेवावी आणि मग ए.सी.नें ती थंड करीत बसावें, तसा हा प्रकार. दुहेरी साध्या कांचेनें हे नऊशें फार तर पावणेआठशेंवर येतात. थंड देशांतील माणसाला आंतली ऊब बाहेर जाऊं द्यावयाची नसते. आपल्याला बाहेरचें ऊन आंत येऊं द्यावयाचें नाहीं. दोघांचे शत्रू निराळे असतां औषध एकच कसें चालेल? पत्रकांतील मजकूर थंड देशांतून जसाच्या तसा आलेला असावा, असा माझा तर्क आहे.

ऊन अडवावयाचें तें कांचेच्या बाहेर. कांचेंतून एकदां आंत आलेलें ऊन पडद्यावर, जमिनीवर पडून उष्णतेच्या रूपानें परत उत्सर्जित होतें, आणि त्या रूपांत कांच त्याला बाहेर जाऊं देत नाहीं. म्हणून आंतला पडदा कितीहि जाड असला तरी थोडाच उपयोगी. दक्षिणेच्या खिडकीस वरचा सज्जा पुरतो, कारण तिकडचा सूर्य उंच असतो. पश्चिमेचा सूर्य मात्र सज्जाखालून सरळ आंत पाहतो. त्याला बांबूची चिक हाच स्वस्त आणि खरा उपाय. आम्हीं दोन्ही खोल्यांच्या खिडक्यांबाहेर चिका टांगल्या, आणि कोरड्या वैशाखांत दादांच्या खिडकीवर वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडलें. पावसाळ्यांत वाळा निरुपयोगी आहे, कारण हवाच ओली असते. कांचेवरच उपाय करावयाचा असेल तर ऊन परतविणारा लेप दिलेली कांच मिळते. पण ती नवी खिडकी करतांनाच घ्यावी. बसविलेल्या जोडकांचेवर काळी फिल्म चिकटविल्यास कांच तापून तडकण्याचा संभव असतो, आणि दिवसा दिवा लावावा लागतो तो निराळाच.

ए.सी.चें तपमान एक अंश वर ठेवलें तर सुमारे सहा टक्के वीज वांचते, असें केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचें सांगणें आहे; म्हणूनच २०२० पासून नवीं यंत्रें सुरू होतांच २४ अंशांवर असावीं असा नियम झाला. पुतण्या पूर्वीं २० वर झोंपे, आतां पंखा लावून २६ वर झोंपतो. चिक, पंखा आणि हे सहा अंश यांनीं त्याचें ज्येष्ठांतील बिल खालीं आणलें. दुहेरी कांचेचा त्यांतील वांटा मी फारसा धरीत नाहीं. राहत्या घरांच्या भिंती व खिडक्यांतून किती उष्णता आंत यावी, याचे निकष ब्यूरोनें २०१८ सालीं 'इको निवास संहिता' या नांवानें घालून दिले आहेत. नवें घर बांधणाऱ्यांनीं आपल्या वास्तुविशारदास त्याविषयीं अवश्य विचारावें.

खिडकी घट्ट लागूं लागली आणि एक नवी अडचण उभी राहिली. अमरकोशांत खिडकीला वातायन व गवाक्ष हे पर्याय दिले आहेत. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. कालिदासाच्या मेघाला उज्जयिनींतील स्त्रियांच्या केंसांना दिलेल्या धूपाचा सुगंध मिळाला तो जाळीच्या खिडक्यांतूनच. आम्हीं ती वाटच बुजविली होती. सकाळीं दादांची खोली उघडली कीं शिळ्या हवेचा वास येई, आणि त्यांचें डोकें जड असे. घराघरांतून असतो तो भिंतीवरचा ए.सी. खोलींतील तीच हवा फिरवितो. बाहेरची ताजी हवा आणीत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. यावर जुन्या वाड्यांकडूनच धडा घेतला. वाड्याची रस्त्याकडची भिंत जाड व तींत भोंकें थोडीं. श्वास घ्यावयाचा तो आंतल्या चौकांतून. आम्हांला चौक नाहीं, पण मागें हातभर परसू आहे. दादांच्या दारावरील कायमची बंद झडप मोकळी केली, परसाकडची खिडकी रात्रभर उघडी ठेवली, आणि हवा मागून घेण्याची व्यवस्था केली. आंकडा ४४ चा ४६ झाला. चालेल.

एवढें सारें जमल्यावर दादा प्रसन्न होतील अशी माझी कल्पना होती. आठवडाभर ते शांत झोंपले, रक्तदाब उतरला, वहिनींच्या डोळ्यांखालचीं वर्तुळें गेलीं. आणि आठव्या दिवशीं सकाळीं ते माझ्यावर रागावले. "मला पेटींत घातलंस तू," असें म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर जिना उतरणें बंद झाल्यापासून दूधवाल्याची सायकल, शाळेला जाणाऱ्या मुलांची बडबड, भाजीवालीची आरोळी आणि कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळांतील घंटा एवढाच त्यांचा बाहेरच्या जगाशीं संबंध उरला होता. तो आम्हीं सर्वांनीं मिळून, मोठ्या अभ्यासानें, डेसिबेल मोजून तोडला होता. त्या आवाजानें झोंप जाई हें खरें. त्याच आवाजांत त्यांचा दिवस उगवे हेंही खरें. मला उत्तर सुचलें नाहीं.

"दादा, मग रात्रींपुरतीच लावूं," असें शेवटीं मी म्हणालों. ते म्हणाले, "लावणार कोण आणि उघडणार कोण? पहाटे साडेपांचला तुला हांका मारूं?" वरची कडी त्यांच्या हाताला पुरत नव्हती, शस्त्रक्रियेनंतर हात खांद्याच्या वर नेण्यास त्यांस त्रास होतो. सुतारांस पुन्हां बोलाविलें. त्यांनीं तिन्ही कड्यांना जोडणारी एक सळई बसविली व तिची मूठ पलंगावर बसल्या बसल्या हातीं येईल अशा उंचीवर, जमिनीपासून अडीच फुटांवर, आणून ठेवली.

आतां पहाटे साडेपांचच्या सुमारास ती सळई खाली ओढल्याचा आवाज माझ्या खोलींत येतो. मग कवाड उघडतें, आणि थोड्या वेळानें खालून दूधवाला दादांना हांक मारतो.